ढगातलं रान, दगडातली देवळं आणि पाखरं: वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगलीकडून पक्ष्यांबद्दलची बरीच पत्रं साठली होती. बहुतेकांना एकाच फेरीत दोन्ही हवं आहे: सह्याद्रीच्या माथ्यावरचं ओलं जंगल आणि त्यात उभे असलेले गड, लेणी, देवळं. त्यांतली आठ पत्रं या अंकात घेतली आहेत.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण वासोट्याला गेलो. साताऱ्याहून सकाळी निघालो, बोट मिळेपर्यंत दहा वाजले आणि जंगलात शिरलो तोवर सगळं चिडीचूप. गड पाहिला, पक्षी मात्र सात-आठच. दोन दिवस हाताशी असतील तर कसं बसवावं? (विश्रामबाग, सांगली)

जागा बरोबर होती, वेळ चुकली. पक्ष्यांची खरी धांदल उजाडल्यापासून दोन-अडीच तास चालते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेनऊला बहर ओसरतो. वासोट्याला तर वन खात्याची नोंद, ओळखपत्रं, प्लास्टिकची मोजदाद हे उरकून बोटीनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, त्यातच तास-दीड तास जातो. पलीकडे मुक्कामाला परवानगी नाही. तेव्हा कितीही धडपड केलीत तरी वासोट्याच्या पायथ्याला पहाट मिळणार नाही. पहाट अलीकडच्या काठावरच गाठायची.

पहिल्या दिवशी सांगलीहून सकाळी निघा, पेठनाका-कराड-सातारा करत दुपारी कासला पोचा. पठारावर वेळ घालवू नका, चार वाजता थेट कास तलावापाशी जा. तलावाला लागून दाट सदाहरित झाडी आहे, तिच्या कडेकडेनं दीड तास हळू चाला. रात्री जलाशयाच्या काठावरच्या बामणोलीत मुक्काम करा आणि संध्याकाळीच बोटवाल्याशी बोलून पहिली बोट ठरवा. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गावातून कासकडे चढणाऱ्या रस्त्यावर उभे राहा. साडेआठपर्यंत बुलबुल, हरेवा, कुटुर्गा, निखार, कोतवाल यांची हजेरी लागते. मग खाली येऊन नऊला बोट. भाडं बोटीचं असतं, माणशी नसतं, त्यामुळे आणखी पाच-सात जण जोडून घ्यावेत असं वाटतं. परवडत असेल तर तो मोह टाळा. बारा जणांच्या बोलण्यात जंगलातलं काहीही ऐकू येत नाही.

आता वाटेची गोष्ट. पलीकडे बोट लागते त्या मेट इंदवलीपासून वाट पश्चिमेकडे चढते, म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि समोरच्या झाडांवर थेट पडतं. दुपारी तीननंतर सूर्य कड्यामागे सरकतो आणि उतारावर सावली दाटते. बहुतेक लोक चढताना धापा टाकत पळतात आणि ‘पक्षी उतरताना पाहू’ म्हणतात. नेमकं उलट करा. चढतानाच थांबत जा, तासाभरात किलोमीटर कापलात तरी पुरे.

हिवाळ्यात उशिरा पोचणाऱ्याला मिश्र थवा हाच खरा आधार. निरनिराळ्या जातींचे वीस-तीस पक्षी एकत्र भटकत अन्न शोधतात आणि असा थवा अकरा-बारालाही हलता असतो. तो ओळखायचा पल्लवपुच्छ कोतवालाच्या आवाजावरून. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे चमचे असलेला हा काळा पक्षी थव्याबरोबर फिरतो, इतरांनी उडवलेले किडे टिपतो आणि शत्रू दिसला की ओरडतो. त्याचा धातूसारखा खणखणीत आवाज आला की तिथेच थांबा. थव्याच्या मागे जाऊ नका, तो कुठल्या बाजूनं सरकतोय ते पाहून पुढे जाऊन उभे राहा. दहा मिनिटांत खोडावर उलटी चालणारी शिलींध्री, निखार, पर्णवटवटे, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक, असे एकामागून एक समोरून जातात. थवा गेला की पुन्हा अर्धा तास शुकशुकाट. त्या शांततेला घाबरून वेग वाढवू नका.

माथ्यावर साडेबारा-एक वाजेल. ही वेळ दगडांची. छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ, वाड्याचे चौथरे, पाण्याचं टाकं, चुन्याचा घाणा हे सगळं तासाभरात होतं. नंतर बाबुकड्याच्या बाजूला, काठापासून लांब, बसून राहा. उन्हानं तापलेली हवा कड्यावरून वर चढते आणि तिच्यावर सर्पगरुड, शाहीन ससाणा तरंगतात, कधीकधी तुमच्या पायाखालच्या उंचीवर. पाठीवरचा रंग पाहायला मिळण्याची अशी जागा दुसरी क्वचितच. अडीचला उतरायला लागा. नागेश्वरची गुहा त्याच दिवशी जोडू नका, दोन्ही धड होत नाही. पाणी माणशी तीन लिटर न्या, टाक्यातलं पिऊ नका. आणि शनिवार-रविवार सोडून जा.

ढग खाली उतरलेले असताना, भर पावसाळ्यात महाबळेश्वरला पक्षी दिसतात का? जळवांचीही भीती वाटते. (कराड)

दिसतात कमी, ऐकू खूप येतात. वासोटा आणि चांदोली पावसाळ्यात बंद असतात, म्हणून क्षेत्र महाबळेश्वरच घ्या. महिना नीट निवडा. इथे वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत दिवसचे दिवस उघडीप मिळत नाही. जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबरचा दुसरा, हे दोन काळ चांगले.

हे जंगल अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचं. जांभा दगडावरची माती पातळ, वारा जोरदार, म्हणून झाडं बुटकी आणि वेडीवाकडी वाढतात. चार महिने ढगात राहिल्यानं खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरी चढतात. वर्षभर ढगात असणारं हे मेघवन नव्हे. ऑक्टोबरनंतर इथे कोरडे महिने येतात आणि पक्ष्यांचं सगळं वेळापत्रक त्या फरकावर बसलेलं आहे. शीळकरी कस्तुराचंच घ्या. पाऊस सुरू होताना त्याची वीण रंगात येते, कारण धबधब्याआडच्या आणि ओल्या कड्यांच्या कपारीत घरटं करायला त्याला वाहतं पाणी लागतं. पहाटे साडेपाचला, अंधारातच, तो गायला लागतो. एखादा पोरगा गुरांमागे जाताना ताल न धरता, मध्येच चाल बदलत शीळ घालतो तशी ती शीळ असते.

पंचगंगा मंदिराजवळचं कृष्णाबाईचं देऊळ यासाठी उत्तम. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, दरीच्या तोंडावरचं, आणि मुख्य देवळाच्या मानानं अगदी निवांत. गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडते. पाच-सव्वापाचला मंडपाबाहेर छत्री धरून गप्प उभे राहा, रेनकोटची टोपी मात्र काढा, तिच्यावर पडणाऱ्या थेंबांनी काहीच ऐकू येत नाही. उजाडल्यावर कस्तुर ओल्या दगडावर येतो. लांबून काळाच वाटतो, ढग जरा विरळला की कपाळावर आणि खांद्यावर चकचकीत निळा पट्टा उमटतो, आणि बसल्या बसल्या शेपटी पंख्यासारखी उघडून मिटतो. दुर्बीण न्याच. धुक्यात पक्षी दिसतो तो दहा-पंधरा मीटरवरच, त्यामुळे आठपट पुरते. जास्त पटीची दुर्बीण धुकंही तितकंच मोठं करते.

जळवांचं एवढं मनावर घेऊ नका. मोजे पँटवर ओढून घ्या, बुटांना आणि मोज्यांना तंबाखूचं पाणी किंवा साबण चोळा, दर पंधरा मिनिटांनी पाय तपासा. चिकटलेली जळू ओढू नका, जाळू नका, तिच्यावर मीठही टाकू नका. असं केलं की ती पोटातलं जखमेत ओकते. तिचं निमुळतं टोक कातडीला जिथे लागलंय तिथे नख आडवं सरकवा, पकड सुटते, मग दुसरं टोक सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारं द्रव्य असतं. साबणानं धुऊन कापूस दाबून ठेवा.

कोयनेच्या जंगलात राखाडी धनेश पाहिला. आमच्या गावातल्या पिंपळावर येतो तोच का? (कोरेगाव)

बहुधा नाही. गावाकडे, मोकळ्या माळावर येतो तो राखी धनेश. त्याच्या चोचीवर लहान टोकदार शिंग असतं आणि आवाज घारीसारखा किंचाळणारा. कोयनेतला मलबारी राखी धनेश. त्याला शिंग नसतं, भुवई फिकट असते आणि तो खदाखदा हसल्यासारखा ओरडतो. फोटो नसला तरी आवाज आठवा, निकाल लागेल. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या फोनमधल्या मर्लिन ॲपवर मात्र या जंगलात डोळे मिटून विसंबू नका. पल्लवपुच्छ कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि ॲप फसतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीत भरा.

आम्ही दर महिन्याला दातेगडावर श्रमदान करतो. तटातली पिंपळ-उंबराची झाडं काढावीत की पक्ष्यांसाठी ठेवावीत, यावर गटात वाद आहे. (पाटण)

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. ही झाडं पक्ष्यांनीच लावलेली असतात. कुटुर्गा, बुलबुल, कोकीळ, धनेश उंबर-पिंपळाची फळं खातात, विष्ठेतून बी चिऱ्यांच्या सांध्यात पडतं आणि चुन्यातल्या ओलीवर रुजतं. उन्हाळ्यात दुसरं काही पिकत नाही तेव्हा हीच फळं अर्ध्या जंगलाला जगवतात. पण तीच मुळं दहा-वीस वर्षांत तट फोडतात. म्हणून तटातलं झाड काढायचं आणि तटापासून दहा-पंधरा मीटर लांबचं जपायचं, असा सरळ नियम करा.

सगळ्यात आधी परवानगी. गड संरक्षित असेल तर केंद्राचा १९५८ चा किंवा राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो, वन हद्दीत असेल तर वन खातंही येतं. लेखी पत्राशिवाय एक चिराही हलवू नका.

करंगळीएवढं रोप असेल तर पावसानंतर माती ओली असताना मुळासकट निघतं. अंगठ्याहून जाड झालं की उपटायचं नाही. मुळानं चिऱ्यांना मिठी मारलेली असते, झाडाबरोबर दगड बाहेर येतात आणि पुढच्या पावसात तेवढा भाग ढासळतो. ते भिंतीलगत करवतीनं कापा, कुऱ्हाडीनं नको, दणक्यानं सांधे सुटतात. मग दर दोन-तीन आठवड्यांनी फुटवे खुडत राहा. पानं मिळाली नाहीत की मूळ आतल्या आत उपाशी मरतं. याला एक-दोन वर्षं लागतात, आणि बहुतेक गट इथेच हरतात: एकदा कापून निघून जातात, पिंपळ चौपट फुटतो. मूळ वाळल्यावरच पोकळी भरा, चुना एक भाग, चाळलेली वाळू आणि विटांची भुकटी मिळून अडीच ते तीन भाग, आणि आठ-दहा दिवस ओलं पोतं टाकून ठेवा. सिमेंट वापरू नका. ते दगडापेक्षा कडक असतं, भिंतीतली ओल कोंडतं आणि शेवटी दगडाचाच पापुद्रा सुटतो.

कामाचा काळ ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. तरी खोबणीत हात घालण्याआधी खाली पाहा. पांढरे ओघळ आणि बोटाएवढ्या करड्या गोळ्या दिसल्या तर थांबा. गोळी फोडलीत तर आत उंदराचे केस आणि काडीसारखी हाडं निघतील, म्हणजे वर घुबड राहतं. शृंगी घुबडाची वीण नोव्हेंबरपासूनच सुरू होते. तो भाग त्या वर्षी सोडून द्या. कड्याच्या पाकोळ्यांची चिखलाची अर्धी वाटी कपारीला चिकटलेली दिसली तर तीही तशीच राहू द्या.

दातेगडावर तलवारीच्या आकाराची विहीर आहे, तिच्याबद्दलही. गाळ काढताना एप्रिल-मेमध्ये सगळं पाणी उपसू नका, त्या दिवसांत आसपासच्या पाखरांना आणि जनावरांना तेवढंच पाणी असतं. गडावरच्या कुठल्याही टाक्यात ब्लीचिंग पावडर टाकू नका. उभ्या काठाच्या टाक्यात एक तिरकी फांदी सोडून ठेवा, पडलेल्या खारीला, सरड्याला वर येता येतं.

दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या दुर्बिणीत जाळं धरलंय. काय चुकलं? (मिरज)

बुरशी आहे. अंधाऱ्या खोलीत मोठ्या भिंगाकडून तिरका टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं पाहा, कोळ्याच्या तंतूंसारख्या रेषा दिसतील. घाटमाथ्यावरून आल्यावर ओली दुर्बीण तिच्याच केसमध्ये बंद करून कपाटात ठेवली की हे होतं. केसचा स्पंज ओल धरतो. परत आल्यावर पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवा. मग घट्ट झाकणाच्या दहा लिटरच्या डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. तीसच्या खाली गेला तर आतलं ग्रीस आणि रबर सुकतं. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतं, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, त्यामुळे स्वयंपाकाची भांडी वापरू नका. बुरशी आत असेल तर स्वतः स्क्रू खोलू नका, दोन नळ्यांचा मेळ बिघडला की डोकं दुखायला लागतं. नवी घ्यायची झाल्यास नायट्रोजन भरलेली ८ × ४२ (आठपट, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्या. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच येतं, म्हणजे डोळ्यात सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत येतो. खिशातल्या ८ × २५ मध्ये तो तीनच असतो, आणि ढगाळ जंगलात हा फरक लगेच कळतो.

आईवडिलांना चढ झेपत नाही. जवळपास काही? (तासगाव)

सागरेश्वर. देवराष्ट्रे गावाजवळ जुन्या शिवमंदिरांचा समूह आहे आणि त्याला लागून जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे रान. ओलं जंगल नव्हे, त्यामुळे मोर, तित्तिर, गप्पीदास, शिक्रा अशी माळावरची मंडळी. सकाळी सातला देवळांच्या आवारातच बसवा, वडाच्या फळांवर पक्षी आपणहून येतात. साताऱ्याजवळचं पाटेश्वर यापेक्षा दाट आणि शिल्पांनी श्रीमंत आहे, पण तिथे शेवटची अर्धा तास पायवाट आहे.

मुलीकडे अमेरिकेत जाणार आहोत, तिथून पेरूला माचू पिचू पाहायचा विचार आहे. पक्ष्यांसाठी वेळ काढावा का? वय ५८ आणि ६३. (सांगली)

जरूर काढा. वासोट्यावर जे चार महिने असतं ते तिथे जवळजवळ बारा महिने असतं: ढगात भिजलेलं मेघवन आणि त्यात पंधराव्या शतकातलं इंका लोकांचं दगडी नगर. मे ते सप्टेंबर तिकडचा कोरडा काळ, म्हणजे बराचसा आपल्याकडे पावसानं जंगल बंद असतं तेव्हाचाच.

उंचीचा क्रम चुकवू नका. सांगली साधारण ५५० मीटरवर, कुस्को ३,४०० वर. लिमाहून विमानानं थेट कुस्कोत उतरून तिथेच राहिलं की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं. उतरल्याबरोबर गाडीनं खाली ओयांताय्ताम्बोला जा, ते सुमारे २,८०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढा, मग आगगाडीनं माचू पिचूला, ते २,४३० वर. कुस्को शेवटी ठेवा. पहिले दोन दिवस जेवण हलकं, चालणं सावकाश. उंचीच्या त्रासाची गोळी हवी असेल तर रक्तदाबाची औषधं दाखवून डॉक्टरांकडूनच घ्या.

नगरात तिकिटावरच्या ठरलेल्या वेळेला आणि ठरलेल्या वाटेनंच फिरावं लागतं, बाहेर पडल्यावर परत आत घेत नाहीत. तिपाई चालत नाही, ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवीही नाही. आत स्वच्छतागृह नाही. म्हणून पहाट पायथ्याच्या गावात, नदीकाठी आणि रुळांच्या कडेनं घालवा. तिथे पांढऱ्या फेसातल्या खडकावर टॉरेंट डक हे बदक उभं असतं, प्रवाहाला जराही न जुमानता. वर बांबूत इंका रेन हा छोटा पक्षी शोधा, फक्त पेरूत सापडणारी ही जात विज्ञानाला १९८५ मध्ये कळली. पेरूचा राष्ट्रीय पक्षी, केशरी डोक्याचा अँडियन कॉक-ऑफ-द-रॉक, खात्रीनं पाहायचा तर माचू पिचूवर विसंबू नका, कुस्कोहून मानूच्या जंगलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जा. सुमारे १,४०० मीटरवर सान पेद्रो इथे नर पहाटे जमून माद्यांसमोर नाचतात. त्याच रस्त्यावर आधी निनामार्का इथे इंकांच्याही आधीच्या दगडी समाध्या लागतात.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यावी लागते. साठीनंतर तिचे धोके वाढतात, तेव्हा ६३ वर्षांच्या व्यक्तीनं आधी डॉक्टरांना भेटावं आणि त्यावर पुढचं ठरवावं.

मे-जूनमध्ये नवरंग पक्षी येतो. फोनवर त्याचा आवाज लावला की लगेच समोर येतो, यात वाईट काय? (शिराळा)

तो तुम्हाला भेटायला येत नाही, हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून भांडायला येतो. नुकताच लांबचा प्रवास करून आलेला, जागा धरू पाहणारा पक्षी. वीस मिनिटं तो खात नाही, जोडीदाराला हाक देत नाही, उघड्यावर फिरतो आणि शिक्र्याच्या तावडीत सापडू शकतो. सलग चार गटांनी हेच केलं तर ती जागाच सोडतो. अभयारण्यात वन्यजीवांना त्रास देणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाही आहे. नवरंग उजाडताना आणि मावळताना स्वतःहूनच दोन सुरांची शीळ घालतो. ती ऐकू आली की ओढ्याकाठच्या पालापाचोळ्याकडे तोंड करून जमिनीवर बसा आणि हलू नका. तो पाचोळा उलटत, उड्या मारत, बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा जवळून जातो.